आधी नोंद, मग आठवण

प्रश्न थोडक्यात असा आहे : बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून निवृत्त झालेले मराठीचे एक प्राध्यापक गेल्या वर्षी वारले. त्यांच्या विद्यार्थ्यांना दोन कामं करायची आहेत. एक, पंचवीस-तीस जणांच्या आठवणींचं पुस्तक. दोन, मराठी विकिपीडियावर किंवा एखाद्या चरित्रकोशात सरांची नोंद. लेख येऊ लागलेत, पण सगळे एकाच हातानं लिहिल्यासारखे वाटतात. त्या लेखांवरूनच जुळवलेला नोंदीचा मसुदा ‘गौरवपर’ असा शेरा घेऊन परत आलाय. कुठे चुकलं?

क्रमात चुकलं. लेखांतून नोंद निघत नाही. नोंद आधी करायची, एका पानावर छापायची आणि ते पान जोडून लेख मागवायचे.

कारण सोपं आहे. सरांचा जन्म कुठला, पदव्या कोणत्या, विद्यापीठात कधी लागले, निवृत्त कधी झाले हे सांगणारं काही हाताशी नसलं की प्रत्येक लेखकाला ते आपणच सांगायला हवं असं वाटतं. पहिलं पान त्यातच जातं. पंचवीस लेखांत पंचवीस वेळा जन्मगाव येतं आणि रुजू झाल्याचं साल तीन प्रकारचं निघतं. एक पानी नोंद सोबत पाठवून ‘यातलं काहीही पुन्हा लिहू नका’ एवढं कळवलंत, की लिहिणाऱ्याकडे उरतं ते फक्त त्यानं स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं. तुम्हाला तेच तर हवंय.

आता नोंदीचं साहित्य. ते चिठ्ठ्यांवर गोळा करा. पाच बाय तीन इंचाची जाड चिठ्ठी, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. डाव्या कोपऱ्यात वर्ष, उजव्या कोपऱ्यात विषय : जन्म, शिक्षण, नोकरी, ग्रंथ, मार्गदर्शन, मान. मध्ये मजकूर, एका वाक्यात. खाली आधार, आणि कोणी कधी उतरवलं ते. संगणकावर तक्ता करणार असाल तरी रकाने हेच ठेवा. ‘एक चिठ्ठी, एक गोष्ट’ यावर अडून बसायचं कारण असं, की ‘जन्म आणि शिक्षण’ एकाच चिठ्ठीवर घेतलं तर शाळेच्या दाखल्याचा आधार नकळत एम.ए.च्या सालालाही चिकटतो, आणि पुढे तो कुठून आला हे कोणालाच सांगता येत नाही.

समजा, एका चिठ्ठीवर आहे : १९६८, नोकरी, ‘व्याख्याता, मराठी विभाग’, आधार नेमणूकपत्राची झेरॉक्स. दुसरीवर : १९६९, नोकरी, ‘व्याख्याता’, आधार सेवापुस्तक. वाद घालण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. बहुधा पहिली नेमणूक तात्पुरती असते आणि दुसरी कायम. दोन्ही सालं बरोबर, फक्त शब्द अपुरे. ‘१९६८ पासून तात्पुरते, १९६९ पासून कायम व्याख्याते’ असं लिहिलं की संपलं.

आधारांना पायरी असते. नेमणुकीचे आणि निवृत्तीचे आदेश सगळ्यांत वर. मग विद्यापीठाचे वार्षिक अहवाल आणि पदवीदान समारंभाच्या पुस्तिका. पीएच.डी.च्या सालासाठी प्रबंधाचं मुखपृष्ठ पाहावं. प्रत विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात मिळते, अलीकडचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावरही सापडतात. मात्र प्रबंध सादर केल्याचं साल आणि पदवी मिळाल्याचं साल यांत एखाद-दोन वर्षांचं अंतर पडतं, तेव्हा कोणतं लिहिताय ते स्पष्ट करा. सरांनी स्वतः टाइप करून ठेवलेला परिचय यानंतर. यादी म्हणून तो उत्तम, पुरावा म्हणून बेताचा, कारण त्यात ‘प्रकाशनाच्या वाटेवर’ असलेली दोन पुस्तकं हमखास असतात आणि ती वाटेवरच राहिलेली असतात. पंचाहत्तरीची पुस्तिका त्याच्याही खाली. स्मरण सगळ्यांत शेवटी.

जन्मतारखेवर जरा थांबावं लागेल. त्या पिढीच्या दाखल्यांवर १ जून ही तारीख इतक्यांची दिसते, की ती मास्तरांनी शाळेत नाव घालताना दिलेली आहे हे समजून चालावं. कुटुंबाकडे तिथी असेल तर ती मोलाची, पण बडोद्यात तिथी तीन वाटांनी येते. पुण्याचं पंचांग वापरणारं घर शके सांगतं : चैत्रापासून डिसेंबरअखेर शकाच्या आकड्यात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. गुजराती पंचांगातलं विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतं : कार्तिकापासून डिसेंबरअखेर ५७ वजा, जानेवारीपासून आश्विन अमावास्येपर्यंत ५६. आजोळ ग्वाल्हेरचं असेल आणि तिकडचं हिंदी पंचांग वापरलं असेल, तर संवत चैत्रातच बदललेलं असतं, म्हणून चैत्र ते आश्विन त्यांचा आकडा गुजरात्यांपेक्षा एकानं पुढे. शिवाय त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आपला वैशाख वद्य पक्ष म्हणजे त्यांचा ज्येष्ठ कृष्ण. शुद्ध पक्षाला हा घोळ नाही. काढलेली तारीख त्या वर्षीच्या पंचांगात वारासकट ताडून पाहा. घरात ‘गुरुवारचा जन्म’ हे तारखेपेक्षा पक्कं लक्षात असतं.

संस्थांची नावं हा दुसरा सापळा, खास बडोद्याचा. विद्यापीठ १९४९ चं. त्याआधी होतं ते १८८१ चं बडोदा कॉलेज, मुंबई विद्यापीठाला जोडलेलं. तेव्हा सरांच्या गुरूंविषयी कोणी ‘१९४४ साली सयाजीराव विद्यापीठाचे बी.ए.’ असं लिहून दिलं तर ते शक्यच नाही, पदवी मुंबईची. बडोदा संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि गुजरात राज्य १ मे १९६० ला झालं. १९५५ सालच्या गोष्टीत ‘गुजरात सरकारची शिष्यवृत्ती’ आली की खूण करा. ‘कलाभवन’ म्हटलं की बाहेरचा वाचक चित्रकलेचं कॉलेज समजतो. ती १८९० साली त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकारानं उभी राहिलेली तंत्रशिक्षणाची संस्था, आजच्या तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखेची पूर्वज. ललितकला विद्याशाखा वेगळी, १९५० ची. आणि घुमटाची इमारत आहे ती कला विद्याशाखेची. ‘कला’ या एका शब्दाखाली या तिघींची सरमिसळ होते.

‘महाराजांनी पाठ थोपटली’ हे वाक्यही येईल. कोणत्या महाराजांनी? सयाजीराव फेब्रुवारी १९३९ मध्ये गेले. १९३४ साली जन्मलेल्या मुलाची पाठ त्यांनी वक्तृत्वासाठी थोपटणं अवघड आहे. मग प्रतापसिंहराव की फत्तेसिंहराव, ते सालावरून ठरवा. ‘बडोद्याचं साहित्य संमेलन’ याचंही तसंच. इथे ते चारदा झालं : १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८. अध्यक्षाचं नाव आठवत असेल तर साल लगेच लागतं. कीर्तिकर म्हणजे १९०९, केळकर म्हणजे १९२१, चापेकर म्हणजे १९३४, लक्ष्मीकांत देशमुख म्हणजे २०१८.

यापेक्षा चोरट्या चुका गुजराती शब्दांतून येतात, कारण ते मराठीसारखेच दिसतात. स्थानिक वर्तमानपत्रातली बातमी समोर ठेवून कोणी लिहितो, ‘कुलपतींच्या हस्ते सत्कार’. गुजरातीत कुलपति म्हणजे आपले कुलगुरू, आणि आपले कुलपती म्हणजे त्यांचे कुलाधिपति. एक अक्षर न बदलता माणूस बदलतो. ‘आचार्य’ हा तिथे कॉलेजचा प्राचार्य किंवा शाळेचा मुख्याध्यापक असतो, विद्वत्तेची पदवी नव्हे. ‘अनुस्नातक’ म्हणजे पदव्युत्तर आणि ‘महानिबंध’ म्हणजे प्रबंध. बडोद्यातल्या मराठी माणसाला हे शब्द इतके अंगवळणी पडलेले असतात, की आपण भाषांतर करतोय हेही त्याच्या ध्यानात येत नाही. मुद्रितं वाचायला म्हणूनच एक वाचक बडोद्याबाहेरचा घ्या.

पदांची नावं काळाप्रमाणे द्या. व्याख्याता, प्रपाठक, प्राध्यापक ही जुनी उतरंड. सहायक, सहयोगी आणि प्राध्यापक ही नंतरची. बोलण्यात कॉलेजात शिकवणारा प्रत्येक जण प्राध्यापकच असतो, म्हणून ‘१९६८ साली प्राध्यापक म्हणून रुजू’ हे वाक्य कोणाला खटकत नाही. पण मग १९८५ साली मिळालेलं प्राध्यापकपद कुठे लिहिणार? विभागप्रमुख आणि अधिष्ठाता यांतही गल्लत नको. पहिला विभागाचा, दुसरा अख्ख्या विद्याशाखेचा.

ग्रंथसूची करताना पुस्तक हातात घ्या, आतलं पान उलटा आणि मागच्या बाजूचा मजकूर उतरवा. पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती आणि पुनर्मुद्रण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बडोद्याच्या जुन्या मालिकांत ‘पुष्प’ म्हणून जो आकडा असतो तो मालिकेतला अनुक्रम, ग्रंथाचा खंड नव्हे. ‘एकशे चाळिसावा खंड’ असं लिहून मोकळे होणारे कमी नाहीत. मोठ्या प्रकल्पातला वाटा नेमका सांगा. विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरानं वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात भागांत काढली. मुखपृष्ठावर कांडाच्या संपादकाचं नाव असतं, आणि पोथ्यांची पाठभेद-पत्रकं (कोणत्या पोथीत कोणता शब्द वेगळा, त्याची टिपणं) करणारे अनेक हात त्यामागे असतात. तिथे तीन वर्षं पाठ जुळवलेल्या माणसाला ‘रामायणाचे संपादक’ म्हटलं तर एका ओळीत सगळ्या नोंदीवरचा विश्वास जातो. ‘पाठभेद-संकलनाचं काम केलं’ हे लिहायला कमीपणा नाही. ते काम किती किचकट असतं हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं.

‘पहिले’, ‘एकमेव’, ‘सर्वप्रथम’ हे शब्द चौकटीशिवाय वापरू नका. हंसा मेहता या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. त्यांना भारतातल्या पहिल्या स्त्री-कुलगुरू म्हणताना ‘सहशिक्षण असलेल्या विद्यापीठाच्या’ ही चौकट घालतात. ती काढली की बडोद्यात त्या प्रथमच कुलगुरू झाल्या असा अर्थ होतो, आणि तो चूक, कारण मुंबईच्या महिला विद्यापीठाचं कुलगुरूपद आधी त्यांनीच सांभाळलं होतं. तुमच्या सरांनी ‘गुजरातेत प्रथमच’ काही केलं असेल, तर ते कशाच्या तुलनेत हे चिठ्ठीवर हवं.

आता खुद्द नोंद. तिचं अर्धं यश पहिल्या वाक्यात असतं. उदाहरणादाखल बडोद्याशी नातं असलेली दोन नावं घेऊ. ‘जोशी, चिंतामण विनायक : (१८९२–१९६३). मराठी विनोदी लेखक व पालीचे अभ्यासक.’ ‘माधव जूलियन : (१८९४–१९३९). मराठी कवी, छंदःशास्त्राचे अभ्यासक व फार्सी-मराठी कोशकार.’ पहिले बडोद्याच्या कॉलेजात शिकवत आणि पुढे राजदफ्तरात गेले. दुसऱ्यांचा जन्म बडोद्याचा, मूळ नाव माधव त्र्यंबक पटवर्धन, शिकवलं पुण्या-कोल्हापुरात. दोघेही पेशानं प्राध्यापक, तरी पहिल्या ओळीत तो शब्द नाही. कोशाला हवं असतं काम. पेशा पुढे दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत येतो. हीच कसोटी सरांना लावा. पहिल्या वाक्यात ‘मराठीचे प्राध्यापक’ याखेरीज काही बसत नसेल, तर कोशातली जागा तूर्त नाही हे मान्य करावं आणि सगळं बळ आठवणींच्या पुस्तकाकडे लावावं. उत्तम शिक्षक आणि कोशात जाणारा माणूस हे दोन वेगळे वर्ग आहेत, आणि पहिला वर्ग कमी प्रतीचा आहे असं कोणी म्हटलेलं नाही.

शीर्षकात आडनाव आधी, डॉ., प्रा., कै. काहीही नाही. टोपणनाव जास्त प्रसिद्ध असेल तर नोंद त्या नावाखाली आणि आडनावाखाली नुसतं ‘पहा’. मजकुरात आदरार्थी बहुवचन चालतं, पण ‘सर’ नाही. जन्म, शिक्षण, नोकरी यांना मिळून एकपंचमांशापेक्षा जास्त जागा देऊ नका. मधला मोठा भाग कामाचा : कोणता प्रश्न घेतला, आधीच्यांपेक्षा वेगळं काय म्हटलं, त्याला कोणी उत्तर दिलं. मान-सन्मान एका ओळीत. एकूण ३०० ते ४०० शब्द, पाच-सहा ग्रंथ असतील तर ६००. मसुदा झाला की विशेषणांवर शिसपेन्सिल चालवा. ‘व्यासंगी’, ‘चतुरस्र’, ‘ऋजू’, ‘सिद्धहस्त’ काढल्यावर वाक्यात काही उरलं तर ते वाक्य ठेवा. तुमचा मसुदा ‘गौरवपर’ ठरला तो बहुधा यावरच. सर मोठे नव्हते असा त्या शेऱ्याचा अर्थ नाही. मोठेपणा सांगितला गेला, दाखवला गेला नाही.

छापील कोशांच्या रीतीही पाहून ठेवा. श्री. व्यं. केतकरांचा २३ खंडांचा ज्ञानकोश, चित्रावशास्त्र्यांचे चरित्रकोश, वाईहून १९७६ पासून निघालेले विश्वकोशाचे खंड, यांतल्या कोणत्याही चार चरित्रनोंदी हातानं उतरवून काढल्या तर वाक्याचा वेग आपोआप कळतो. वाचून तो कळत नाही. बडोद्याची स्वतःचीही परंपरा आहे. राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ इथे १९३१ साली निघाला. एका शब्दाला एकाच अर्थानं बांधून ठेवणं म्हणजे काय, ते त्याची पानं चाळताना दिसतं.

विकिपीडियाचं वेगळं. तिथे प्रश्न ‘खरं आहे का’ इतकाच नसतो. ‘सरांशी संबंध नसलेल्या कोणी आधी छापलंय का’ हा असतो. तुमचं स्मरणपुस्तक तुमच्याच विद्यार्थिमंडळानं काढलेलं, म्हणजे सालं-तपशिलासाठी ते कामी येईल, उल्लेखनीयता सिद्ध करायला नाही. त्यासाठी त्यांच्या ग्रंथांवरची परीक्षणं, दुसऱ्यांच्या संशोधनातले संदर्भ, मोठ्या वर्तमानपत्रांतले स्वतंत्र लेख शोधा. ‘मी त्यांचा विद्यार्थी’ हे चर्चापानावर आधीच सांगून टाका. लपवलेलं नंतर उघडं पडलं की बाकीचा मजकूरही संशयात जातो. गौरवग्रंथातला परिच्छेद जसाच्या तसा चिकटवला तर कॉपीराइटच्या कारणानं उडतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. छायाचित्राचा हक्क सामान्यतः ते काढणाऱ्याचा, आणि पैसे देऊन काढवून घेतलं असेल तर, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याचा. नुसता त्यात दिसणाऱ्याचा किंवा ज्याच्या अल्बममध्ये ते आहे त्याचा नव्हे. स्टुडिओत काढलेला निरोप-समारंभाचा फोटो सापडला की पाठीमागचा शिक्का आधी बघा.

नोंद झाली. आता लेख.

मराठीतल्या गुरुस्मरणाचं मूळ दुखणं सहावीतल्या ‘माझे आवडते शिक्षक’ या निबंधात आहे. सुरुवातीला सुभाषित, मग धोतर-कोट किंवा झब्बा, मग ‘वरून फणसासारखे काटेरी, आतून गोड’, शेवटी ‘अशा या गुरूंना वंदन’. तो निबंध साठाव्या वर्षी पुन्हा लिहिला जातो, फक्त अक्षर सुधारलेलं असतं. यावर एक साधी चाचणी आहे. लेखातलं सरांचं नाव काढा आणि दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाचं घाला. वाक्य तरीही खरं राहत असेल तर ते खोडा.

‘सर म्हणजे ज्ञानाचा अथांग सागर. त्यांच्या तासाला वर्ग तुडुंब भरायचा. त्यांनी आम्हाला नुसतं शिकवलं नाही, तर घडवलं.’ यातलं काहीही टिकणार नाही. लिहिणाऱ्याला फोन करून विचारा : वर्गात बाक किती होते? पहिल्या तासाला काय घेतलं? तुमचा निबंध तपासून परत आला तेव्हा त्यावर काय होतं? तो चार गोष्टी सांगेल, आणि लेख असा होईल : ‘सर निबंध शिसपेन्सिलीनं तपासत. चूक काय ते लिहीत नसत, समासात नुसतं प्रश्नचिन्ह. माझ्या पहिल्या निबंधाला अकरा प्रश्नचिन्हं होती. त्यातली नऊ “अत्यंत” या शब्दासमोर. वही परत देताना म्हणाले, “हा शब्द काढून वाचा आणि मग सांगा काय कमी झालं.”’ हे कल्पून लिहिलेलं उदाहरण आहे, पण यात शिकवण्याची पद्धत दिसते, माणसाचा स्वभाव दिसतो, आणि निबंधलेखनाचा एक धडा वाचकालाही मिळतो. एक शब्दही स्तुतीचा नाही.

म्हणून आमंत्रणपत्रात ‘आपल्या शब्दांत आठवणी लिहून पाठवा’ असं मोघम लिहू नका. पाच-सहा प्रश्न द्या. कोणत्या वर्षांत शिकलात आणि कोणता पेपर? त्यांच्या तोंडून स्वतः ऐकलेलं एखादं वाक्य, शब्दशः आठवत असेल तर. फळ्यावर काय लिहीत, की लिहीतच नसत? तुम्ही लिहिलेल्या कशावर त्यांनी काय दुरुस्त केलं? त्यांचं कोणतं मत तुम्हाला पटलं नाही? वर्गाबाहेर कुठे भेट होई, आणि तिथे बोलणं कशावर? मर्यादा ८०० ते १,२०० शब्द. मर्यादा दिली नाही तर ४,००० शब्दांचं आत्मचरित्र येतं आणि त्यात सर तिसऱ्या पानावर उगवतात. न पटलेल्या मतांचा प्रश्न काहींना उद्धट वाटेल. तो ठेवाच, चांगले लेख त्यातूनच येतात.

लिहिण्याचा कंटाळा असलेले, किंवा वयामुळे हात चालत नसलेले जुने विद्यार्थी सोडू नका. तासभर रेकॉर्डिंग करा. तासाभराचं बोलणं सात-आठ हजार शब्द भरतं आणि उतरवून काढायला चार-सहा तास लागतात. त्यातलं हजारभर शब्दांचं कामाचं असतं. बोलण्यातली बडोद्याची मराठी धुऊन पुण्याची करू नका. सर उशिरा आलेल्याला ‘आवो आवो, बेसो’ म्हणत असतील तर तेच छापा, कंसात अर्थ द्यायचीही गरज नाही.

किश्शांना पारखून घ्या. एकच किस्सा पाच लेखांत येतो आणि पाचही ठिकाणी शेवटचं वाक्य वेगळं असतं. पाचही जणांना विचारा : तुम्ही खोलीत होतात का? जो होता त्याचा ठेवा, बाकीच्यांचे काढा आणि का काढले ते कळवा, नाहीतर रुसवे होतात. दोघं हजर असूनही तपशील जुळत नसेल तर दोन्ही ठेवायला हरकत नाही. वाचक एवढा समजूतदार असतो. आणि काही किस्से कोणाचेच नसतात. विसराळू प्राध्यापक छत्रीला खुर्चीवर बसवून स्वतः कोपऱ्यात उभा राहतो, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या अर्ध्या विद्यापीठांत फिरलेली आहे. ‘असं म्हणतात’नं सुरू होणारा किस्सा सरळ उडवा.

कडू आठवणीही येतील : प्रबंधाचं प्रकरण आठ महिने न वाचता पडून राहिलं, विभागातल्या भांडणात बाजू घेतली, एखाद्याचे मार्क गेले. सगळ्या काढल्या तर पुस्तक हारतुऱ्याचं होतं. ज्याच्यावर गुदरलं त्यानं, स्वतःच्या नावानं, स्वतःपुरतं लिहिलं असेल तर ठेवा. तिसऱ्याच्या वतीनं केलेली तक्रार नको, हयात सहकाऱ्यांची नावं नकोत. नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केलेली मृताची बदनामीही आपल्या फौजदारी कायद्यात गुन्हा ठरू शकते, हे संपादकानं मनात ठेवावं.

सरांची पत्रं छापायची असतील तर आणखी एक गोष्ट. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. घरच्यांची लेखी परवानगी घ्या, पत्रांची यादी जोडून. पोस्टकार्डावरची तारीख वाचता येत नसेल तर टपालाचा शिक्का भिंगातून पाहा, पण शिक्का दोन गावांचा असतो. निघाल्याचा कोणता आणि पोचल्याचा कोणता ते वेगळं करून घ्या.

लेखांचा क्रम ज्येष्ठतेनं लावू नका, मानापमान होतात. शिकल्याच्या वर्षानुसार लावा. मग पहिल्या लेखातले तरुण, घाबरलेले व्याख्याते शेवटच्या लेखात निवृत्तीला आलेले दिसतात, आणि मधल्या काळात त्यांची मतं कुठे बदलली हे कोणी न सांगता कळतं. सुरुवातीला ती एक पानी नोंद, शेवटी ग्रंथसूची आणि नामसूची. नामसूचीत क्ष आणि ज्ञ कुठे बसवायचे (क आणि ज खाली, की सगळ्यांत शेवटी) ते आधीच ठरवा. दोन्ही पद्धती रूढ आहेत, एकाच सूचीत दोन्ही मात्र नकोत.

पुस्तक छापून आल्यावर कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते. हौशी प्रकाशक हे हटकून विसरतात. हंसा मेहता ग्रंथालयाला दोन द्या. चिठ्ठ्यांचा खोका आणि रेकॉर्डिंगं कोणाच्या माळ्यावर टाकू नका. यादी करून तीही ग्रंथालयाला किंवा विभागाला द्या, पोच घेऊन. पुस्तकात न बसलेलं बरंचसं त्या खोक्यात असतं, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी पहिली मागणी त्याचीच होते.